तांत्रिक पुस्तिकेत ‘खालील आकृती’ लिहावे की ‘आकृती ३ पाहा’?

ठिबक : ठिबक सिंचन संचाच्या देखभालीची पुस्तिका मी मराठीत लिहीत आहे. मजकूर लाटेक (LaTeX) या संगणकीय अक्षरजुळणीच्या प्रणालीत असल्यामुळे आकृत्या, तक्ते आणि विभाग यांना क्रमांक आपोआप मिळतात. आतापर्यंत मी ‘वर सांगितल्याप्रमाणे’, ‘खालील आकृतीत’ असे लिहीत आलो. संपादकांनी मात्र ते काढून सर्वत्र क्रमांक घालण्यास सांगितले आहे. तसे केले की ‘तक्ता ४मध्ये दिलेल्या दाबापेक्षा’ असे अवघडलेले वाक्य तयार होते आणि ‘तक्त्या ४मध्ये’ तर त्याहून विचित्र दिसते. अशा वेळी जाणकार काय करतात?

जुळारी : संपादकांचे म्हणणे रास्त आहे. लाटेकमध्ये आकृती जिथे लिहिली तिथेच छापली जाईल याची खात्री नसते. ती बरेचदा पानाच्या माथ्यावर जाते, आणि मग ‘खालील आकृती’ प्रत्यक्षात परिच्छेदाच्या वर दिसते. क्रमांक दिला तर हा घोळ होत नाही, शिवाय पीडीएफमध्ये त्या क्रमांकाला दुवाही जोडता येतो. अपवाद एकच : वाक्याला लागूनच यादी येत असेल, तर ‘पुढील क्रमाने जोडणी करावी’ असे खुशाल लिहावे, कारण मध्ये दुसरे काही शिरू शकत नाही.

‘उपरोक्त’ मात्र शासन निर्णयांसाठीच राहू द्यावे. तिथे आरंभीच ‘वाचा’ या शीर्षकाखाली आधीच्या निर्णयांची क्रमवार यादी असते, म्हणून ‘उपरोक्त क्र. २ अन्वये’ म्हटल्यावर नेमका बोध होतो. आपल्या पुस्तिकेत तशी यादी नाही.

सामान्यरूप : खरी अडचण विभक्तीची आहे. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी नाम बदलते, आणि यंत्राने पुरवलेला ‘तक्ता’ हा शब्द काही ‘तक्त्या’ होत नाही. म्हणून वाक्य आधी पूर्ण करावे आणि निर्देश कंसात द्यावा : ‘गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक मर्यादेबाहेर गेला की गाळणी धुवावी (मर्यादेसाठी तक्ता ४ पाहा).’ ‘पाहा’चे कर्म निर्जीव असल्यामुळे त्याला प्रत्यय लागत नाही आणि ‘तक्ता’ जसाच्या तसा राहतो.

याचा आणखी एक लाभ आहे. उद्या त्या तक्त्याऐवजी आकृती घातली, तर ‘तक्ता ४ दिला आहे’ या वाक्यातील क्रियापद हाताने बदलावे लागेल. ‘पाहा’ला लिंगाचे सोयरसुतक नाही. ‘चौथ्या तक्त्यात’ हे कानाला सर्वांत गोड वाटते हे मान्य, पण विभाग ५.२ आला की ती युक्ती संपते. शब्द आणि क्रमांक यांच्यामध्ये न तुटणारी मोकळी जागा ठेवावी, नाहीतर ‘तक्ता’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘४’ पुढच्या ओळीच्या आरंभी येतो.

जुळारी : ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ यांतही भेद राखावा. पहिल्याचा अर्थ, हवी असलेली माहिती तिथेच आहे. दुसऱ्याचा, इथली माहिती पुरेशी असून तिथे पूरक मजकूर मिळेल. लेखनाबाबत सांगायचे तर मराठी विश्वकोशात ‘पहा’ आढळते, आणि आज्ञार्थी ‘पाहा’ व ‘पहा’ ही दोन्ही रूपे नियमांना मान्य आहेत. एका पुस्तिकेत एकच रूप ठेवावे, एवढेच.

ठिबक : आभारी आहे. एक शंका उरते : मोटारीला हात लावण्यापूर्वी वीजपुरवठा तोडण्याची सूचना तीन विभागांत लागते. तिथेही ‘विभाग २.१ पाहा’ पुरेल का?

सामान्यरूप : नाही. धोक्याची सूचना तिन्ही ठिकाणी पूर्ण छापावी. ओल्या हातांनी पंपाजवळ उभा असलेला शेतकरी पाने उलटत बसणार नाही. मजकूर एकाच धारिकेत लिहून तो तीन ठिकाणी आयात करावा, म्हणजे दुरुस्ती करताना एखादी प्रत जुनीच राहून जाणार नाही.