यीस्टच्या आधी हेला पेशी

पेशीविभाजनाचं नियंत्रण आधी यीस्ट आणि समुद्री अर्चिनमध्ये कळलं, सस्तन प्राण्यांचं नंतर जोडलं गेलं, असं सहसा सांगितलं जातं. जनुकं आणि सायक्लिन (विभाजनाच्या चक्राबरोबर वाढणारी-घटणारी प्रथिनं) यांच्यापुरतं बरोबर आहे. २००१ चं नोबेलही त्यालाच मिळालं. पण पेशीद्रवात काहीतरी फिरतं आणि तेच केंद्रकाला हुकूम देतं, याचा ठसठशीत पुरावा १९७० मध्ये माणसाच्याच पेशींतून आला होता. पोटू नरसिंह राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी पेशींना एकमेकींत विलीन करणारा सेंदाई विषाणू निष्क्रिय करून वापरला आणि वेगवेगळ्या टप्प्यांतल्या हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या कर्कपेशी) जोडून एकेक पेशी बनवली. डीएनएची प्रत काढणारी पेशी जी-१ मधल्या, म्हणजे प्रत काढण्याआधीच्या टप्प्यातल्या, पेशीला जोडली, तर जी-१ चं केंद्रक वेळेआधीच प्रत काढायला लागलं. जी-२ चं, म्हणजे प्रत काढल्यानंतरच्या, विभाजनाआधीच्या टप्प्यातलं केंद्रक मात्र ढिम्म, कारण त्याची प्रत काढून झालेली!

खरी गंमत विभाजन चालू असलेल्या पेशीची. ती कुणालाही जोडा, दुसऱ्याचं केंद्रकावरण विरघळायचं आणि तयारी असो-नसो, गुणसूत्रं आखडायची. जी-१ ची एकेरी, जी-२ ची दुहेरी, आणि प्रत अर्धवट असेल तर चक्क भुगा झाल्यासारखी. हा दांडगाई करणारा घटक म्हणजे सायक्लिन बी आणि सीडीके-१ या विकराची जोडी, हे उलगडायला पुढे अठरा-एक वर्षं गेली. सायक्लिनचं नाव घेताना राव-जॉन्सन सहसा कुणाला आठवत नाहीत, म्हणून लिहिलं.