सेन्सर एक सांगतो, ग्लुकोमीटर दुसरंच. धरायचा कुठला आकडा?

तिलकनगर_इंदूर

वडील ६९ वर्षांचे, टाइप २ डायबिटीस. सकाळ-संध्याकाळ ३०/७० इन्सुलिन, सोबत मेटफॉर्मिन. डॉक्टरांनी १४ दिवसांचा फ्रीस्टाइल लिब्रे (कातडीला चिकटवून शुगर सतत मोजणारा सेन्सर) लावायला सांगितला, तो मोबाईल टेकवून वाचायचा. डाव्या दंडावर लावलाय, आज पाचवा दिवस. नोंदी अशा:

पहिला दिवस, संध्याकाळ: सेन्सर ७४, ग्लुकोमीटर १०९.
तिसरा दिवस, उपाशीपोटी: सेन्सर ११२, ग्लुकोमीटर १२८.
त्याच दिवशी पोहे-जिलबीनंतर पाऊण तासाने: सेन्सर १८६ आणि सरळ वर बाण, ग्लुकोमीटर २३१.
चौथी रात्र: ३ ते ३.४० आलेख एकदम खाली, ५२ पर्यंत. मग आपोआप वर. सकाळी ११८.

सेन्सर खराब निघालाय का? रात्रीची लो (शुगर फार खाली जाणं) खरी असेल तर संध्याकाळचं इन्सुलिन दोन युनिट कमी करू का? रोज रात्री आलेखात सुरुवातीला एक मोकळी जागा दिसते, ती का? आणि ४२ डिग्रीत घामाने कडा सुटायला लागल्यात. अजून दोन सेन्सर कुरियरने आलेत, ते फ्रिजमध्ये ठेवायचे की बाहेर?

---

सुई_आणि_स्ट्रिप

ताई, तुमच्या नोंदींवरून तरी सेन्सर खराब वाटत नाही.

बोट टोचून निघतं ते रक्त. सेन्सरचा तंतू जेमतेम पाच मिलिमीटर आत असतो आणि कातडीखाली पेशींभोवती जो द्रव असतो त्यातली शुगर मोजतो. रक्तातली शुगर तिथे पोचायला साधारण ५ ते १० मिनिटं लागतात. शुगर स्थिर असेल तर दोन्ही आकडे जवळपास येतात. चढत असेल तर सेन्सर मागे राहून कमी दाखवतो, उतरत असेल तर जास्त.

आता एकेक नोंद बघा. ११२ आणि १२८ मध्ये १२-१३ टक्क्यांचा फरक आहे, हे अगदी नेहमीचं. पहिल्या पिढीच्या लिब्रेची सरासरी चूकच ११.४ टक्के मोजली गेली आहे. ग्लुकोमीटरही काही देवाचा शब्द नाही: आयएसओच्या २०१३ च्या मानकात १०० च्या वर १५ टक्के आणि १०० च्या खाली १५ अंकांची सूट आहे, तीही शंभरातल्या ९५ चाचण्यांपुरती. दोन्ही यंत्रं आपापल्या हद्दीत राहूनही वीसेक टक्के लांब दिसू शकतात.

१८६ आणि २३१ ची जोडी तुलनेत धरूच नका. सरळ वर बाण म्हणजे मिनिटाला २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेगाने चढ. दहा मिनिटांच्या उशिरात वीसेक अंक तिथेच गेले. राहिलेल्या फरकाबद्दल माझा संशय जिलबीवर आहे. पाकाचं बोट नुसतं रुमालाला पुसून टोचलं की ग्लुकोमीटर रक्तासकट पाकही मोजतो. सॅनिटायझरने भागत नाही, साबण-पाण्याने हात धुवून पूर्ण कोरडे करायचे. तुलना करायची तर बाण आडवा असताना, खाऊन तीन तास झाल्यावर, आणि पहिले २४ तास सोडून. तंतू टोचल्यावर आजूबाजूला थोडी सूज येते. ती बसेपर्यंत आकडे बहुधा कमीच येतात, म्हणून पहिल्या संध्याकाळचे ७४ सोडून द्या.

बाण तिरका वर असेल तर वेग मिनिटाला १ ते २, आडवा असेल तर १ च्या आत. खालच्या दिशेलाही हाच हिशेब. १२० आणि आडवा बाण म्हणजे निवांत. १२० आणि सरळ खाली बाण म्हणजे अर्ध्या तासात साठच्या घरात. आकडा तोच, पण दुसऱ्या वेळी लगेच साखर काढून जवळ ठेवायची.

त्रास होतोय (घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ) आणि सेन्सर ९५ म्हणतोय, असं झालं तर आधी बोट टोचा. तिथे सेन्सरवर विसंबू नये.

---

रात्रपाळी_नर्स

रात्रीच्या लोबद्दल. दोन युनिट कमी करायच्या आधी आलेखाचा आकार बघा.

डाव्या दंडावर सेन्सर आहे आणि माणूस डाव्या कुशीवर झोपला तर दाबामुळे तंतूभोवतीचा द्रव हटतो आणि आकडा खोटा खाली जातो. त्याचा आकार ठरलेला असतो: पंधरा-वीस मिनिटांत कड्यावरून पडल्यासारखी रेषा, तळाशी सपाट, आणि कूस बदलली की काही न खाता तशीच उभी वर. खरी लो उतारासारखी येते, तासभर किंवा जास्त वेळ हळूहळू, आणि वरही हळूच येते. तुमचं वर्णन ("एकदम खाली, मग आपोआप वर") दाबाकडे झुकतं.

पण संध्याकाळचं ३०/७० असताना मी हे दाबावर ढकलून मोकळी होणार नाही. त्यातला ७० टक्के भाग एनपीएच, म्हणजे हळू आणि लांब चालणारं इन्सुलिन, त्याचा जोर साधारण ४ ते १२ तासांत असतो. आठ वाजता टोचलं तर मध्यरात्रीनंतरचे तास नेमके त्यातच येतात. वयस्कर माणसाला झोपेत घाम-थरथर जाणवेलच असंही नाही, त्यामुळे "त्रास नव्हता" हा पुरावा धरू नका.

दोन-तीन रात्री असं करा. डाव्या कुशीला उशी लावून उजवीकडे किंवा उताणं झोपवा. ३ चा गजर लावा. आधी सेन्सर वाचा, लगेच बोट टोचा, दोन्ही आकडे वेळेसकट लिहा. बोटाचा आकडा एकदा जरी ७० च्या खाली आला तर उपचार करून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. डोस स्वतः बदलायचा नाही. संध्याकाळचा डोस कमी झाला की सकाळची उपाशीपोटीची शुगरही हलते, तो हिशेब त्यांना लावू द्या.

लो खरी निघाली तर: तीन लहान चमचे साखर पाण्यात, किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर. पेढा-जिलबी नको, तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी परत तपासायचं ते बोटाने. सेन्सर त्या वेळी अजून ५८-६० च दाखवत असतो, घरचे घाबरून आणखी साखर देतात, आणि पहाटे २८० होते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन.

---

दवाबाजार_वाला

मोकळ्या जागेचं सोपं आहे. या सेन्सरची स्मरणशक्ती फक्त ८ तासांची. रात्री १० ला वाचला आणि सकाळी ७ ला, तर मधले नऊ तास होतात, त्यातला सगळ्यात जुना तास, १० ते ११, पुसला जातो. झोपताना साडेदहाला वाचा आणि उठल्या उठल्या साडेसहाच्या आत. रात्री पाणी प्यायला उठले तर तेव्हाही टेकवा.

सेन्सरच्या खोक्यावर थर्मामीटरचं चिन्ह आणि दोन आकडे असतात. मॉडेलप्रमाणे वरची हद्द २५ ते ३० डिग्रीच्या दरम्यान असते. मे महिन्यात इंदूरचं घर दुपारी त्याच्या वरच असतं, म्हणून फ्रिजच्या दारात, भाजीच्या ओलाव्यापासून लांब, डब्यात ठेवा. फ्रीझरमध्ये कधीच नाही. लावायच्या आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. स्कूटरच्या डिक्कीत किंवा उन्हात उभ्या कारमध्ये तासभरही नको. कुरियरचा डबा हातात गरम लागला तर आधी एकच सेन्सर लावून बघा. तो नीट चालला नाही तर त्याचं आवरण, अनुक्रमांक आणि काढलेला सेन्सर जपून ठेवून कंपनीला फोन करा. लोक सेन्सर कचऱ्यात टाकून मग फोन करतात, तिथेच घोळ होतो.

आता चिकटण्याबद्दल. हा सेन्सर निभावेल, कडांवर कागदी मेडिकल टेप लावा, पण मधलं बारीक भोक झाकू नका. पुढचा लावताना:

दंडाची मागची बाजू, हात हलवताना कातडी जिथे कमी ताणते आणि दुमडते ती जागा. तीळ, व्रण, सुजलेला भाग टाळा. इन्सुलिन दंडावर घेत असतील तर त्या जागेपासून निदान अडीच सेंटीमीटर लांब. केस असतील तर आदल्या दिवशी काढा. साध्या साबणाने धुवा. क्रीमवाला, मॉइश्चरायझरवाला साबण नको, त्याचा थर राहतो. मग स्पिरिटचा बोळा, आणि पूर्ण वाळू द्या, फुंकर मारायची नाही. घाम पुसून लगेच लावला तर चिकटतो, पण चौथ्या दिवशी सुटतो. पंख्याखाली पंधरा मिनिटं बसून मग लावा. लावणाऱ्या साच्यावरची आणि डब्यावरची गडद खूण जुळवून घट्ट दाबा, मग दंडावर एका दाबात, आणि काही क्षण तसंच धरा. साचा हळूच काढून कडेवरून बोट फिरवा.

थेंबभर रक्त आलं तर घाबरू नका. वाहतच राहिलं तर काढून दुसरीकडे लावा.

रीडर (सेन्सर वाचायचं कंपनीचं वेगळं यंत्र) आणि मोबाईल दोन्ही वापरायचे असतील तर सुरुवात रीडरने करा आणि पहिल्या तासाभरात मोबाईल टेकवा. मोबाईलने सुरू केलेला सेन्सर नंतर रीडर घेत नाही.

---

तिलकनगर_इंदूर

सगळ्यांचे आभार. आज उजव्या कुशीवर झोपवते. दोन गोष्टी राहिल्या. दंडावर सेन्सरभोवती थोडी खाज आहे, आणि ते रोज व्हिटॅमिन सी ची ५०० ची गोळी चघळतात, त्याने काही फरक पडतो का?

---

सुई_आणि_स्ट्रिप

पडू शकतो. तंतूवर शुगरशी प्रक्रिया करणारं एन्झाइम असतं, त्या प्रक्रियेतून येणारा विजेचा प्रवाह यंत्र मोजतं. जास्त मात्रेतलं व्हिटॅमिन सी तोच प्रवाह वाढवतं आणि आकडा खोटा वर जातो. लिब्रे २ च्या माहितीपत्रकात दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका असं आहे. एक गोळी म्हणजे नेमकी त्या काठावर. वर सर्दीची विरघळणारी गोळी घेतली की गेलात पलीकडे. खोटा जास्त आकडा म्हणजे खरी लो झाकली जाण्याची भीती, म्हणून डॉक्टरांना विचारून हे चौदा दिवस गोळी थांबवणं बरं. पॅरासिटामॉलचा प्रश्न दुसऱ्या कंपन्यांच्या काही सेन्सरना येतो, लिब्रेला नाही.

---

रात्रपाळी_नर्स

घामाची खाज असेल तर ती येते-जाते. सेन्सरच्या आकाराचाच लाल गोल उठून पाणी सुटत असेल तर ती ॲलर्जी. जुन्या लिब्रेच्या चिकट भागात आयसोबॉर्निल ॲक्रिलेट नावाचं रसायन सापडलंय, त्याची काहींना ॲलर्जी होते. मग सेन्सर काढायचा आणि कातडीच्या डॉक्टरांना दाखवायचं. वर टेप लावून दामटायचं नाही.

---

मोजूनमापून

उशिरा आलो, पण जेवणाचा मुद्दा कोणी घेतला नाही.

खाल्ल्यावर तासाने २३० दिसलं म्हणून जास्तीचं इन्सुलिन घेणं, ही सेन्सर लावल्यावरची सगळ्यात महागात पडणारी चूक. आधी घेतलेलं इन्सुलिन पोटात... म्हणजे कातडीखाली अजून काम करत असतं. त्यावर दुसरं पडलं की तीन तासांनी दोन्ही मिळून खाली ओढतात. दर दहा मिनिटांनी मोबाईल टेकवायची सवय लागली की हे हमखास होतं.

त्यापेक्षा सेन्सरचा उपयोग चाचणीला करा. तीच वेळ, तोच डोस, एकच बदल. सोमवारी पोहे आणि जिलबी, बुधवारी तेवढेच पोहे जिलबीशिवाय, शुक्रवारी अर्धे पोहे आणि सोबत मोड आलेली मटकी किंवा अंडं. ॲपमध्ये जेवणाची नोंद टाका, नाहीतर चौदाव्या दिवशी कुठला डोंगर कशाचा ते आठवत नाही. एकादशीची साबुदाणा खिचडी एकदा आलेखावर बघाच, वेगळं सांगायला लागणार नाही. सराफा बाजारातलं रात्रीचं खाणं उशिरा चढतं आणि तुपा-तेलामुळे पहाटेपर्यंत रेंगाळतं. ते दोन तासांच्या तपासणीत कधीच सापडत नाही, इथे सापडतं. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालून आणि न चालता, असे दोन आलेखही शेजारी ठेवून बघा.

अहवालात आधी ७० ते १८० मध्ये किती वेळ गेला ते बघा. साधारण लक्ष्य ७० टक्क्यांच्या वर, आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांच्या आत. वयस्कर आणि लो होण्याचा धोका असलेल्यांसाठी २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीत ते सैल केलंय: रेंजमध्ये ५० टक्क्यांच्या वर पुरे, पण ७० च्या खाली १ टक्क्याच्या आत, म्हणजे दिवसाला जेमतेम पंधरा मिनिटं. कुशीवर झोपून आलेल्या खोट्या लोही यंत्र यातच मोजतं, म्हणून ३ वाजताच्या बोटाच्या नोंदी अहवालाला जोडून द्या. हा हिशेब विश्वासाने धरायला १४ दिवसांत निदान ७० टक्के वेळेची माहिती लागते. आलेखात खड्डे राहू नयेत ते याचसाठी.

अहवालातला जीएमआय हा सेन्सरच्या सरासरीवरून काढलेला एचबीए१सीचा (तीन महिन्यांच्या शुगरची लॅबची चाचणी) अंदाज आहे: सरासरी १५४ ला ७.०, १८० ला ७.६. लॅबच्या एचबीए१सीशी तो जुळला नाही तर लगेच कोणाला खोटं ठरवू नका. रक्त कमी असेल तर एचबीए१सीच हलतं.

एक सेन्सर १४ दिवसांचा, म्हणजे वर्षभर सतत लावायचा तर २६ लागतात. एवढं परवडत नसेल तर डॉक्टरांच्या तारखेच्या आधीचे चौदा दिवस एक लावायचा, आणि डोस बदलल्यावर पुन्हा एक. ज्यांना वारंवार लो होते त्यांना मात्र हा हिशेब लागू नाही.

---

दवाबाजार_वाला

एक राहिलं. काढताना ओढू नका. कडेला खोबरेल तेल लावून पाच मिनिटं थांबा, मग कडेकडेने सोलत न्या. आणि याच कारणाने सेन्सर असताना तेल लावून मालीश करायची नाही. दिवाळीच्या अभ्यंगाला तो दंड सोडूनच तेल-उटणं लावायचं. रंगपंचमीच्या गेरीत (रंगांच्या मिरवणुकीत) पाण्याचा मारा चालतो, एक मीटर पाण्यात अर्ध्या तासाची त्याची तयारी असते, पण गर्दीत दंडाला घासा बसून निघतो. त्या दिवशी लांब बाहीचा शर्ट. एमआरआय किंवा सीटी ठरलेली असेल तर आधी माहितीपत्रक बघा. जुन्या लिब्रेला काढायला सांगितलंय आणि काढलेला परत लागत नाही, त्यामुळे नवीन सेन्सर तपासणी झाल्यावरच लावा.