'वाखाणण्याजोगी' की 'वाखाण्याजोगी'?

कोथरूडकर:
ग्रंथालयाच्या स्मरणिकेत निवृत्त ग्रंथपालबाईंवर लेख चाललाय. मुद्रितशोधकाने 'वाखाण्याजोगी चिकाटी'त एक 'ण' वाढवला, संपादकांनी तो परत काढला. शिवाय 'त्यांच्या चिकाटीला सर्वांनी वाखाणले' हे कानाला खटकतंय. आणि या शब्दाचा अर्थ मुळापासून स्तुतीच का?

खिळाजुळारी:
मुद्रितशोधक बरोबर. धातू 'वाखाण', त्याला 'णे' लागून 'वाखाणणे'. पुढे प्रत्यय लागला तरी धातूचा 'ण' कुठे जात नाही: वाखाण + ण्या + जोगी. 'आणण्यासाठी', 'जाणण्याजोगे' सगळे नीट लिहितात. इथे शब्द लांबलचक, बोलताना एक 'ण' गिळला जातो आणि तसाच छापला जातो. 'वाखाणणी'तही दोन 'ण'.

वाक्यातला 'ला' काढा. क्रियापद सकर्मक आहे, भूतकाळात ते कर्माप्रमाणे फिरते: चिकाटी वाखाणली, आवाज वाखाणला, अक्षर वाखाणले. 'बाईंना वाखाणले' चुकीचे नाही, पण सपक. काय वाखाणले ते लिहा.

जुनी_पोथी:
मूळ संस्कृत 'व्याख्यान', प्राकृतात 'वक्खाण'. म्हणजे १८७५पासूनच्या आपल्या वसंत व्याख्यानमालेतला शब्द आणि हा एकाच घरातले! जुन्या मराठीत ग्रंथ वाखाणणे म्हणजे त्याचा अर्थ उलगडून सांगणे. स्तुतीचा अर्थ पुढे वरचढ झाला. हिंदीतले 'बखान', गुजरातीतले 'वखाण' याच मुळाचे. 'वानणे'ही तसेच, 'वर्ण'वरून आलेले. तुकोबांच्या 'काय वानूं आतां'मध्ये वर्णन कुठे संपते आणि स्तुती कुठे सुरू होते, सांगता येत नाही. अरबीतून आलेल्या 'तारीफ'चाही मूळ अर्थ ओळख करून देणे. त्यामुळे गुण नेमका कशात आहे हे न सांगता 'वाखाणणे' वापरले की मला ते पोकळ वाटते.

कोथरूडकर:
मग शीर्षकात 'कौतुक' चालेल?

खिळाजुळारी:
नको. कौतुक बहुधा थोरांनी धाकट्यांचे करायचे. इथे 'गौरव'. 'स्तुती' देवाला ठेवा, माणसाला लावली की 'स्तुतिपाठक' आठवतो. आणि फाइलमध्ये नुसते 'वाखाण्या' शोधा. जोगा, जोगी, सारखे, सगळ्या चुका एकदम सापडतील.