पहिली छोटी कॉमिक करताना : डिझाइन विद्यार्थ्यांचे अनुभव

डिझाइनच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी केव्हातरी आठ किंवा सोळा पानांची कॉमिक करण्याचे काम हाती येते. तोवर पोस्टर, बोधचिन्ह, मुखपृष्ठ असे एका दृष्टिक्षेपात मावणारे काम आपण केलेले असते. चित्रामागून चित्र लावून काळ पुढे सरकवायचा, हे त्यात फारसे आलेले नसते. ज्यांनी आपली पहिली कॉमिक पूर्ण केली आहे, मग ती छापलेली असो वा झेरॉक्स काढून वाटलेली, त्यांनी येथे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. काम कोणत्या टप्प्यावर अडले, तेथे काय ठरवले आणि कागदावर ते कसे उतरले, एवढे कळले तरी नव्याने बसणाऱ्यांना आधार होईल. सुरुवात मीच करते.

माझ्या कॉमिकचा विषय आमच्या पेठेतील पिठाची गिरणी हा होता. गिरणी चालू असताना बोललेले ऐकू येत नाही. कोणाचे दळण, बारीक की जाडसर, हे सारे हातवाऱ्यांवर आणि डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर चालते. त्यामुळे आवाज हेच मुख्य पात्र ठरले. ‘घरघर’ हा शब्द प्रत्येक चौकटीत वेगळा लिहून पाहिला, तेव्हा तो चित्रावर मागाहून डकवल्यासारखा दिसत होता. आमच्या सरांनी त्या आठवड्यात र. कृ. जोशी यांची अक्षरचित्रे दाखवली. ‘मंगल’ हा संगणकावरील टंक ज्यांनी साकारला तेच हे जोशी, आणि हाताने अक्षर लिहिताना ते त्याच्याकडे चित्र म्हणून किती मोकळेपणाने पाहत असत, हे मला तेव्हा प्रथम उमगले. मग मी शिरोरेषेलाच यंत्राच्या पट्ट्याची जागा दिली. ती पहिल्या चौकटीत मोटरच्या चाकावरून निघते, दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीतूनही न तुटता पुढे जाते, आणि तिच्याखाली घ, र, घ, र अशी अक्षरे लोंबत राहतात. चौथ्या चौकटीत वीज जाते. तेथे शिरोरेषा नाही, अक्षरही नाही. रांगेतल्या बायका मात्र प्रथमच एकमेकींशी बोलताना दिसतात. माझ्या संपूर्ण कामात हीच जागा मला सर्वांत जवळची आहे.

संवादांबाबत एक आग्रहाने सांगते. देवनागरीत अक्षराच्या वर मात्रा, वेलांटी, रफार येतात आणि खाली उकार. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. शिवाय प्रत्यय जोडत गेलेला मराठी शब्द लांबतो आणि तो मध्येच तोडला तर वाचणारा अडखळतो. ‘गिरणीवाल्यांनासुद्धा’ हा एकच शब्द संवादाचा अरुंद, उभा फुगा भरून टाकतो. म्हणून मी आधी संवाद प्रत्यक्ष छापील आकारात हाताने लिहिले, त्यांच्याभोवती रुंद फुगे आखले आणि उरलेल्या जागेत पात्रे बसवली. हा क्रम उलटा वाटेल, परंतु अक्षरांना श्वास घेण्याजोगी जागा यानेच मिळते.

*उत्तर : मुंबई, उपयोजित कला, अंतिम वर्ष*

माझे गाव कुडाळ तालुक्यात, पिंगुळीपासून जवळच आहे. पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथी परंपरा लहानपणी पाहिलेली होती. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या वर्गातही तिची चर्चा झाली. चित्रकथीची पोथी सुट्या चित्रांची असते. कथा सांगणारा एकेक चित्र पुढे धरतो, गातो, निरूपण करतो आणि पुढचे चित्र काढतो. मी कॉमिकसाठी हीच मांडणी घेण्याचे ठरवले : एका पानावर एकच मोठे चित्र, बाजूने पाहिलेले चेहरे, मोठे डोळे, आणि खाली निवेदनाची पट्टी.

आराखडे भिंतीवर लावले तेव्हा ते सुरेख दिसत होते, पण कथा चालत नव्हती. कारण शोधायला मी पुन्हा एक प्रयोग पाहायला बसलो आणि फक्त चित्र बदलण्याच्या क्षणाकडे लक्ष दिले. एक चित्र खाली जाते आणि दुसरे वर येते, त्या मधल्या अवकाशात सांगणाऱ्याचा आवाज चालू असतो. प्रवास, युद्धाची तयारी, मनातली घालमेल हे सगळे तो त्या आवाजात पार करतो. छापील कॉमिकमध्ये हा माणूस हजर नसतो. त्याचे काम दोन चौकटींमधल्या रिकाम्या जागेने करायचे, म्हणजेच ते वाचकावर सोपवायचे असते. त्यानंतर चित्रात जे दिसतच आहे ते सांगणारे प्रत्येक निवेदन मी काढून टाकले. ‘तो दाराशी आला’ हे वाक्य गेले आणि त्याऐवजी उंबऱ्यावर टेकलेल्या पावलाची एक छोटी चौकट आली. निवेदन फक्त तेथे ठेवले, जेथे ते चित्रापेक्षा वेगळे काही सांगत होते.

परंपरेतून रेषा उचलणे तुलनेने सोपे असते. ती रेषा कोणत्या प्रकारच्या सांगण्यासाठी घडली आहे, हे पाहायला वेळ द्यावा, असे मला मनापासून वाटते.

*उत्तर : अहमदाबाद, मूळ नागपूर*

माझ्या वर्गात अनेक भाषांचे विद्यार्थी असल्याने मी शब्दांविना कॉमिक केली. घरी व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांच्या शब्दविरहित चित्रांवर वाढल्यामुळे धीर होता, पण त्यांचे चित्र एका चौकटीत पूर्ण होते आणि मला एसटी स्थानकावरची लांबलेली प्रतीक्षा दाखवायची होती. उपाय असा निघाला की बाक, खांब, फलाटाची कड अगदी त्याच जागी ठेवून तीच चौकट पुन्हा पुन्हा काढायची आणि खांबाची सावली तेवढी सरकवायची. एवढ्यावर वाचकाला दुपार कळते.

*उत्तर : कोल्हापूर, नुकताच पदवीधर, सध्या छपाईच्या कामात*

मी छपाईपुरतेच लिहितो, कारण तिचा परिणाम थेट कथेवर होतो. मधोमध घडी घालून पिना मारायच्या असतील तर पानांची संख्या चारच्या पटीत लागते. सोळा पानांच्या ए५ पुस्तिकेला ए४ आकाराचे चार कागद पुरतात आणि सर्वांत बाहेरच्या कागदावर एका बाजूला १६ व १, तर दुसऱ्या बाजूला २ व १५ ही पाने येतात. म्हणून चित्रे काढण्यापूर्वी कोरे कागद दुमडून, आकडे टाकून डमी करावी. विषम पान उजव्या हाताला असते. उत्सुकता त्याच्या शेवटच्या चौकटीत ठेवली तर उलगडा पान उलटल्यावरच होतो.

झेरॉक्सवर पेन्सिलची करडी छटा टिकत नाही. छटा हवी असेल तर शाईच्या रेघांनी भरावी. ए४ वर काढून ए५ वर आणताना चित्र ७१ टक्के होते आणि अतिबारीक पेनची रेघ मध्येच विरते, हेही आधी एक प्रत काढून पाहावे.

गिरणीची कॉमिक करणाऱ्या ताईंना एक सुचवतो. आपली शिरोरेषा समोरासमोरच्या दोन पानांवरून जाणार असेल, तर ती ८ आणि ९ या पानांवर घ्यावी. सोळा पानी पुस्तिकेच्या आतील भागात तेवढीच दोन समोरासमोरची पाने एका सलग कागदावर छापली जातात. इतरत्र डावे पान एका कागदाचे आणि उजवे दुसऱ्याचे असते, आणि घडी केसभर सरकली तरी पट्टा तुटलेला दिसतो.