ब्रिक्सवर्थचं चर्च नक्की किती जुनं?

सायली_एमके

आम्ही इंग्लंडात मिल्टन कीन्सला राहतो. गेल्या रविवारी पोरांना घेऊन नॉर्दॅम्प्टनच्या उत्तरेला ब्रिक्सवर्थ गावात गेलो होतो. टेकाडावर ऑल सेंट्स चर्च आहे, सॅक्सन काळातलं, म्हणजे रोमन गेल्यावर आणि 1066 ला नॉर्मन येण्याआधीचं, म्हणून प्रसिद्ध. पण मला काही ताळमेळ लागेना. बाहेरच्या भिंतीत लाल विटांच्या मोठाल्या कमानी, त्या दगडांनी बुजवलेल्या आणि मधे खिडक्या. नवरा म्हणाला, ही व्हिक्टोरियन डागडुजी. कुणी सन 680 सांगतं, कुणी 800, आणि वरचा निमुळता मनोरा तर सरळसरळ नंतरचा वाटतो. इथे जुन्या बांधकामातलं कळणारं कुणी आहे का?

ओळंबा

आहे की! माझी सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली, आता लेकीकडे नॉर्दॅम्प्टनला असतो. जावई बाजारात गेला की मी ब्रिक्सवर्थला उतरतो, असं चाललंय.

आधी विटांचं. जावईबापूंना, म्हणजे तुझ्या नवऱ्याला सांग, त्या विटा व्हिक्टोरियन नाहीत, सॅक्सनही नाहीत. रोमन आहेत. रुंद, चपट्या, जाडीला आपल्या विटेपेक्षा बऱ्याच कमी. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमन अंमल संपला आणि इंग्लंडात वीट भाजणंच पुढे कित्येक शतकं जवळपास थांबलं. त्यामुळे ज्याला वीट हवी त्याने पडक्या रोमन इमारतीतून उपसून आणायची. इथला बराच माल लेस्टरकडच्या रोमन अवशेषांतला असावा, असं दगडांचा अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं आहे. एवढ्या लांबून बैलगाड्या ओढायच्या म्हणजे पैसेवाला कुणीतरी पाठीशी असणार.

आता पुढच्या वेळी एका कमानीपाशी थांब आणि खालून तिसरी-चौथी वीट बघ. कमानीतल्या प्रत्येक विटेचा रोख मध्यबिंदूकडे हवा, हे आमच्याकडे शिकाऊ गवंड्यालाही पहिल्या महिन्यात कळतं. इथे विटांची दोन वलयं आहेत, पण पायथ्याच्या विटांचा रोख भलतीकडेच. मग मधली फट चुन्याने जाड भरलीय. रोमन गवंड्याने ही कमान उतरवून पुन्हा बांधायला लावली असती. पण भिंत जाड, चुना चांगला, आणि बाराशे वर्षं ती पडलेली नाही. माझ्या हाताखाली झालेल्या काही पुलांबद्दल मी एवढं बोलणार नाही.

सायली_एमके

काका, मग त्या बुजवल्या कशाला?

ओळंबा

मुख्य दालनाच्या दोन्ही अंगांना खोल्या होत्या, कमानींतून त्यांत जायचं. पुढे त्या खोल्या पाडल्या, कमानी उघड्या पडल्या, वारा आत यायला लागला, बुजवल्या. इतका सरळ हिशोब. दक्षिणेकडच्या दाराने आत गेली असशील ना? ते दार नॉर्मन, बाराव्या शतकातलं. त्याच्यावर नजर टाकली तर जुन्या कमानीचं विटांचं अर्धवर्तुळ अजून दिसतं. मोठ्या भोकात लहान चौकट बसवलीय. तिथेच एका दगडावर गरुड कोरलाय. लोक पायरीकडे बघत आत जातात आणि तो सुटतो.

पश्चिमेला आधी फक्त पडवी होती. तिच्यावर मजले चढवून दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास मनोरा केला आणि बाहेरून अर्धगोल जिना चिकटवला. जिन्याच्या भिंतीचे काही रद्दे, म्हणजे दगडांचे थर, तिरपे, माशाच्या काट्यासारखे लावलेत, तेवढ्यावरूनही जोड कळतो. वरचं टोक चौदाव्या शतकातलं. तेव्हा तुला दिसलं ते बरोबर.

ढोबळेमास्तर

680 हा आकडा मात्र मी सगळीकडे वाचलाय. तो चूक का?

ओळंबा

मास्तर, तो पीटरबरोच्या मठातल्या ह्यू कॅन्डिडस या बखरकारावरून निघतो. मठाने सातव्या शतकात ब्रिक्सवर्थला शाखा काढली असं तो सांगतो. पण तो लिहितोय बाराव्या शतकात! साडेचारशे वर्षांनी. तेव्हा मठ तिथे आधीपासून असेलही, पण उभी आहे ती इमारत आठव्या शतकाच्या अखेरची किंवा नवव्याच्या सुरुवातीची, असं आता बहुतेक अभ्यासक धरतात. मलाही तेच पटतं.

खरी गंमत पूर्वेच्या टोकाला. तिथलं गर्भगृह बाहेरून कोनाकोनांचं आहे आणि त्याच्याभोवती जमिनीखाली गोल फिरणारी वाट होती, संतांच्या अस्थींच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी. आज छत नाही, नुसता चर दिसतो. मध्ययुगात हे काढून तिथे चौकोनी बांधकाम केलं होतं. 1860 च्या दशकात वॉटकिन्स नावाच्या पाद्रीबाबांनी ते चौकोनी पाडलं आणि सापडलेल्या जुन्या पायावर पुन्हा गर्भगृह उठवलं. म्हणजे तुझ्या नवऱ्याला व्हिक्टोरियन काम हवंच असेल तर ते इथे आहे. जुन्या भिंतीचा थोडाच तुकडा शिल्लक आहे. पाचशे-सहाशे वर्षं उभं असलेलं बांधकाम आपल्याला हव्या त्या काळासाठी पाडायचं, हे मला आजही पचत नाही.

टपालवेडा

विषयाला धरून एक भर. त्याच जिल्ह्यात अर्ल्स बार्टन गाव आहे, तिथल्या चर्चचाही मनोरा सॅक्सन, दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. 1972 साली ब्रिटिश टपाल खात्याने गावातल्या चर्चवर पाच तिकिटं काढली, त्यात हा चार पेन्सांच्या तिकिटावर आहे. ब्रिक्सवर्थ नाही घेतलं. अल्बममध्ये बघितलं की वाईट वाटतं.

ओळंबा

नका वाईट वाटून घेऊ, बार्टनचा मनोरा दिसायला देखणाच. भिंतभर दगडी पट्ट्या, उभ्या, तिरप्या, जणू लाकडी सांगाडा. पण त्याचं वरचं कठड्याचं काम पंधराव्या शतकातलं आहे, तिकिटावर दिसतं म्हणून तेही सॅक्सन धरून चालू नका. आणि सायली, तिथे गेलीस तर कोपऱ्यांचे दगड बघ: एक उभा लांब, त्यावर एक आडवा, परत उभा. हा प्रकार दिसला की आधी सॅक्सन म्हणायचं आणि मग बाकीची भिंत तपासायची. दोन्ही गावं एका दिवसात होतात. जाण्याआधी चर्च उघडं असण्याच्या वेळा मात्र बघून घे, आणि रविवारी सकाळी प्रार्थना चालू असताना पोरांना घेऊन शिरू नकोस.