सल्ला हवा: ‘महिन्याला लाख’ खरे की थाप, तपासायचे कसे?

अबोली_फोंडा: चवथीला घुमट आरती संपते न संपते तोच मावसभावाने मोबाइल बाहेर काढला आणि नेटवर्क मार्केटिंगमध्ये (माल विकायचा, नवे सभासद जोडायचे, त्यांच्या खरेदीवर कमिशन) महिन्याला लाख मिळतात म्हणाला. अपलाइनच्या (म्हणजे त्याला साखळीत आणणाऱ्याच्या) नावाचा चेक, त्याची नवी गाडी, बँकॉकचे फोटो. माझा दादा कुंडईच्या एका कारखान्यात पर्मनंट आहे, पण आता नोकरी सोडायची भाषा करतोय. सुरुवातीचा माल २८ हजारांचा, त्यासाठी वहिनीची पाटली गहाण टाकणार. वहिनी रडकुंडीला आलीय. तो थोरला, मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

जमाखर्च: चेकचा फोटो सोडा. अपलाइनकडे मागच्या दोन वर्षांचे आयटी रिटर्न आणि फॉर्म २६एएस (कोणी किती कर कापला त्याचा आयकर खात्याचा उतारा) मागा. एवढ्या कमिशनवर कंपनीला टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापावाच लागतो आणि तो २६एएसमध्ये कंपनीच्या नावासकट दिसतो. लाख मिळत असतील तर तिथे असणारच. असे दोघे-तिघे माझ्याकडे रिटर्न भरायला येतात. स्टेजवर सांगतात तो आकडा पुष्कळदा अख्ख्या टीमच्या उलाढालीचा असतो. हातात पडणाऱ्या कमिशनातून पेट्रोल, सेमिनारची तिकिटे, हॉटेल आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ (म्हणजे कमिशनला पात्र) राहण्यासाठी दरमहा स्वतःच घेतलेला माल वजा करा. एकाच्या माळ्यावर प्रोटीन पावडरचे डबे एक्स्पायर होऊन पडलेत, बायको पाहुण्यांना माळ्याकडे बघूही देत नाही.

साखळीचा_मास्तर: प्रत्येकाने फक्त सहा जण जोडायचे, असेच सांगतात ना? सहाचे ३६, मग २१६. आठव्या पायरीला १६,७९,६१६ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५, तीही पाळण्यातली पोरे धरून. दादा कितव्या पायरीवर आहे ते विचारा.

लीडर_मडगाव: स्वतः न करता बोलणारे खूप. आमची प्रॉडक्ट चांगली आहेत. मेहनत न करणाऱ्यांनाच पैसे मिळत नाहीत.

जमाखर्च: प्रॉडक्ट चांगले असेलही, त्यावर वाद नाही. तुमच्या टीममध्ये नसलेली, केवळ गरज म्हणून ते प्रॉडक्ट घेणारी गिऱ्हाइके किती, तेवढे सांगा. आणि मेहनतीचे म्हणाल तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अशा साखळी कंपन्यांच्या, सभासदांना किती मिळते ते सांगणाऱ्या ७० उत्पन्नपत्रकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक कंपन्यांत बहुसंख्य सभासदांना वर्षाला १,००० डॉलर किंवा त्याहून कमी मिळत होते, तेही खर्च वजा न करता. सगळेच आळशी होते का?

लीडर_मडगाव: अमेरिकेचे इथे लागू नाही.

पेडणेकर_वकील: मग इथलेच घ्या. १९७८ च्या कायद्याने पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी आहे. २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनी पिरॅमिडही (माल विकण्यापेक्षा माणसे जोडण्यावर चालणाऱ्या साखळ्या) बंद केले. खपेल त्याहून जास्त माल सभासदाच्या गळ्यात मारायचा नाही. विकायला घरी जायचे तर ओळखपत्र हवे आणि आधी वेळ घेतलेली हवी (चवथीच्या आरतीला कोण वेळ घेऊन येतो, ते सोडा). अबोलीताई, पैसे भरण्याआधी करार लेखी घ्या, न विकलेला माल कंपनी परत घेते का आणि किती दिवसांत, ते त्यात वाचा. फसवणूक वाटली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

काजूवाली: चारचौघांत त्याला खोटे पाडू नका, हट्टाला पेटेल. वहिनीलाच म्हणू दे, पाटली देते, पण आधी कागद दाखवा. पुढे जायचेच असेल तर नोकरी सोडू नको आणि सहा महिने दर रुपयाची वही ठेव, एवढी एकच अट घाला.

अबोली_फोंडा: वहिनीने तसेच सांगितले. दादाने अपलाइनला २६एएस मागितला. तिकडून उत्तर आले, “असे प्रश्न निगेटिव्ह लोक विचारतात, त्यांच्यापासून लांब राहा.” दादा काही बोलला नाही. पाटली अजून वहिनीच्या हातातच आहे, रविवारच्या सेमिनारला मात्र तो जाणार म्हणतो.