मदत हवी आहे: १७९७ च्या ग्रँड पोर्टेजसाठी कपडे आणि सामान कसं निवडावं?

नमस्कार मंडळी,

मी मूळची इचलकरंजीची, गेली अकरा वर्षं मिनेसोटात डुलुथला राहते. इथून अडीच-तीन तासांवर लेक सुपीरियरच्या काठाला ग्रँड पोर्टेज आहे. दर ऑगस्टमध्ये तिथे रांदेवू, म्हणजे जुन्या काळातल्यासारखा मेळावा, भरतो. फर व्यापाराच्या काळातले कपडे घालून लोक तंबूत राहतात, लाकडावर रांधतात, कनू (वल्ह्यांची हलकी, अरुंद होडी) वल्हवतात. गेल्या वर्षी आम्ही नुसते बघे होतो. यंदा मी आणि माझा पंधरा वर्षांचा मुलगा छावणीत राहणार आहोत. कपडे त्या काळाला धरून असावेत असं मला मनापासून वाटतं, आणि दोन-तीन ठिकाणी मी अडले आहे. इथे अमेरिका-कॅनडातले बरेच जण आहेत, कापडातले जाणकारही आहेत, म्हणून हा धागा.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: युरोपात फेल्टच्या (दाबून केलेल्या लोकरी कापडाच्या) हॅटसाठी बीव्हर या पाण्याकाठच्या प्राण्याच्या आतल्या मऊ लोकरीला प्रचंड मागणी होती. त्या तंतूंना बारीक काटे असतात, ते एकमेकांत अडकतात आणि फेल्ट घट्ट बसतो. माँट्रियलची नॉर्थ वेस्ट कंपनी मोठ्या कनूंतून माल ग्रँड पोर्टेजला आणायची आणि आतल्या मुलखातून आलेली कातडी घेऊन परत जायची. पुढची नदी धबधब्यांमुळे वल्हवता येत नाही, म्हणून साडेतेरा किलोमीटरची वाट पाठीवर माल घेऊन चालायची. एक गठ्ठा ९० पौंडांचा, म्हणजे जवळपास ४१ किलो, आणि एका खेपेला बहुधा दोन गठ्ठे. कपाळावरून घेतलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर सगळा भार.

वर्ष मी १७९७ धरलं आहे. त्या उन्हाळ्यात डेव्हिड थॉम्पसन प्रतिस्पर्धी हडसन्स बे कंपनी सोडून इथे आला आणि नकाशे काढायच्या कामाला लागला. आपल्याकडे दुसरा बाजीराव नुकताच गादीवर बसला होता. वर्ष पक्कं करणं किती गरजेचं आहे ते मला उशिरा कळलं. झालरीचं हरणाचं कातडं, डोक्यावर शेपटीवाली टोपी, हे चित्र डोक्यात असतं. पण रॉकी पर्वतातले ते बीव्हर पकडणारे आणि त्यांचे रांदेवू १८२५ ते १८४० चे. दुकानदार दोन्ही काळ एकाच पानावर विकतात.

माझी फसगतही झाली, ती सांगते. नवशिक्या उत्साहात मी मुलासाठी ऑनलाइन एक तयार कपोत मागवला. कपोत म्हणजे ब्लँकेटचा डोकं झाकणारा लांब कोट. वर्णनात 'वूल' लिहिलं होतं. मागच्या अंगणात शेकोटी केली, एक ठिणगी बाहीवर पडली. लोकरीवर पडली असती तर काळा डाग पडून झटकता आला असता. इथे वाटाण्याएवढं भोक पडलं आणि भोकाच्या कडेला काळी, टणक, चकचकीत कड आली. बोटाने दाबली तर प्लास्टिकसारखी कडक. आतल्या शिवणीतून दोन धागे उपसून काडीने पेटवले: एकाला केस जळल्याचा वास आला, दुसरा वितळून त्याची गोळी झाली. निम्मा पॉलिस्टर. माझ्या वडिलांचे यंत्रमाग होते, मी लहानपणापासून कापड चिमटीत धरून बघत आले आहे, आणि तरी फोटोवर विश्वास ठेवला. मुलगा तीन दिवस उघड्या आगीजवळ वावरणार आहे. त्या दिवसापासून माझ्या दृष्टीने 'अस्सल' हा शब्द फक्त दिसण्यापुरता राहिलेला नाही.

मुलाचं बरंचसं ठरलं आहे. नॉर्थ वेस्ट कंपनीतल्या अलेक्झांडर मॅकेन्झीने १८०१ साली छापलेल्या वृत्तांतात नोंद आहे की माँट्रियलहून येणाऱ्या वल्हेकऱ्याला कंपनीकडून एक ब्लँकेट, एक शर्ट आणि एक तुमान मिळे. आत हिवाळा काढणाऱ्यांना दोन-दोन, शिवाय दोन रुमाल आणि चौदा पौंड तंबाखू. एवढी छोटी यादी बघून मला धीर आला. शर्ट मी हाताने शिवते आहे. सगळे तुकडे चौकोनी-आयताकृती, काखेत हालचालीसाठी वेगळा चौकोन, खांद्यावर चुण्या. आपल्या जुन्या पद्धतीच्या सदऱ्याचं तेच गणित आहे, कापड अजिबात वाया जात नाही. तुमानीला पुढे पाडायची पट्टी आणि बटणं. लोकरीची टोपी, कमरेला लोकरी पट्टा. बाणांच्या नक्षीचे ते प्रसिद्ध पट्टे बोटांनी विणलेले असतात, त्याला शेकडो तास लागतात, शिवाय ती नक्षी खरी बहरली एकोणिसाव्या शतकात. म्हणून आम्ही साधा पट्टा घेतला. बाकी चकमक, गारगोटी, कथलाचा मुलामा दिलेला पेला, लाकडी वाडगा.

आता अडचणी.

पहिली, शर्टाचं कापड. लिनन घ्यावं हे पटतं. पण बाजारात 'ऐतिहासिक' म्हणून गाठीगाठींचं, जाडंभरडं लिनन मिळतं. मला ते पटत नाही. हातमागावर बसणारे लोक सपाट, एकसारखं कापड काढण्यातच आयुष्य घालवत होते; गाठ ही त्यांच्या लेखी चूक होती. ओबडधोबड म्हणजे जुनं, ही समजूत आजची आहे. माझं बरोबर आहे का? आणि असेल तर वल्हेकऱ्याच्या शर्टाला किती बारीक कापड चालेल?

दुसरी, गळ्यातला रुमाल. त्या काळच्या इंग्रजी व्यापारी याद्यांत 'रोमाल' हा शब्द सरळ आपला येतो. पेशवे दफ्तरातले कागद ज्या कापडात बांधतात त्यालाही रुमालच म्हणतात, म्हणून तो शब्द वाचून मी थबकलेच. माझ्याकडे आजीचा एक लाल-निळ्या चौकड्यांचा सुती रुमाल आहे. तो मुलाच्या गळ्यात बांधला तर ते खरं ठरेल, की मी ओढूनताणून आपलं काहीतरी तिथे घुसवते आहे?

तिसरी सर्वांत अवघड: मी स्वतः काय घालू? १७९७ साली ग्रँड पोर्टेजला ज्या बायका होत्या त्या ओजिब्वे (या भागातले मूळ रहिवासी), इतर स्थानिक किंवा मिश्र कुळातल्या. मोकासिन (मऊ कातड्याची पादत्राणं) शिवणं, कनूचे सांधे डिंकाने बुजवणं, अन्न पुरवणं, हे सगळं त्यांच्या हातून व्हायचं. त्यांचा खांद्यावर पट्टे आणि वेगळ्या बाह्या असलेला लोकरी पोशाख सुंदर असतो, माझा रंगही बघणाऱ्याला 'शोभेल'. नेमकं म्हणूनच तो घालायला मन धजत नाही. ती जागा आजही ओजिब्वे लोकांची आहे, त्यांचा पॉवॉव (ढोल-नृत्याचा मेळा) त्याच दिवसांत शेजारी असतो. त्यांच्या आज्यांचा वेश मी करावा हे बरं दिसत नाही. मग काय?

आणि जाताजाता: मला चष्म्याशिवाय दिसत नाही. त्याचं काय करतात?

---

प्रतिसाद, विनिपेगहून:

ताई, धागा फार आवडला. मी इथल्या फेब्रुवारीतल्या फेस्टिवल दु व्हॉयाजरला (फर व्यापाराच्या वल्हेकऱ्यांची आठवण जागवणारा उत्सव) बरीच वर्षं स्वयंसेवक आहे, त्यावरून सांगतो.

लिननबद्दल तुमचं बरोबर आहे. गाठीवालं टाळा. मध्यम वजनाचं, पांढरं किंवा ब्लीच न केलेल्या मूळ रंगाचं घ्या. निळ्या-पांढऱ्या चौकड्याही चालतात. मशीनची शिवण आतल्या लांब सांध्यांना असली तरी जवळून बघणाऱ्याला दिसत नाही, पण कॉलर, कफ आणि काजं हातानेच करा.

कपोतसाठी पांढरं लोकरी ब्लँकेट घ्या, टोकाला निळीचा एकच पट्टा असलेलं. चार रंगांच्या पट्ट्यांची मागणी इंग्लंडला गेल्याची नोंद १७९८ ची आहे, तुमच्या वर्षानंतरची. कडेच्या आखूड रेघांना पॉइंट म्हणतात, त्या आकार दाखवतात. 'एक रेघ म्हणजे एक बीव्हर' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आणि ब्लँकेटवर कापडी लेबल असेल तर काढून टाका, ती १८९० पासूनची.

मोकासिनचं एक सांगतो, कारण सगळे तिथेच चुकतात. क्रोम टॅनिंगचं (आजच्या रसायनांनी कमावलेलं) चामडं ओलं झालं की गवतावर साबणासारखं घसरतं. जनावराचा मेंदू लावून कमावलेलं आणि धुरावलेलं कातडं महाग असतं, पण ओलं होऊन वाळलं तरी मऊ राहतं. ग्रँड पोर्टेजच्या परिसरातल्या ओजिब्वे कारागिराकडून घ्या, मापाचंही बरोबर बसेल. आत घोंगडीचा तुकडा घाला, नाहीतर खडे टोचून मुलगा पहिल्याच दिवशी लंगडेल.

चष्म्याला गोल स्टीलची फ्रेम मिळते, कानामागे न वळणाऱ्या सरळ काड्यांची. त्यात नंबरच्या काचा बसवून घ्या. तोवर साधा चष्माच घाला. कनूत दिसणं जास्त महत्त्वाचं.

---

प्रतिसाद, पुण्याहून, जुन्या कापडांची अभ्यासक:

रुमाल जरूर बांधा, पण आधी त्याची किनार बघा. कोरोमंडल किनाऱ्यावर, मच्छलीपट्टणच्या बाजूला चौकड्यांचे रुमाल सलग तागा विणून निघत आणि गिऱ्हाईक ते एकेक कापून घेई. म्हणजे प्रत्येक रुमालाच्या दोन बाजूंना विणीची किनार आणि उरलेल्या दोन बाजूंना हातशिलाईची दुमड हवी. चारही बाजूंना मशीनची शिवण असेल तर उसवून पुन्हा करा.

ओढूनताणून काही नाही. भारतातल्या रेशमी आणि रंगीत सुती मालाच्या वापरावर ब्रिटनमध्ये बरीच वर्षं बंदी होती, पण तो माल लंडनला उतरवून बाहेर पाठवायला मोकळीक होती. अटलांटिकपलीकडे तो याच वाटेने गेला. 'बंडाना' हा शब्दही बांधण्यावरूनच आला. बंगालचे बांधणीचे रेशमी रुमाल ते. आणखी एक: १७८० नंतर बंगालची नीळ लंडनच्या बाजारात वाढत गेली. त्यामुळे इंग्लंडात रंगलेल्या निळ्या लोकरी कापडात आपल्याकडची नीळ असणं अगदी शक्य होतं.

---

पुन्हा विनिपेगहून:

तुमच्या वेशाबद्दल रात्रभर विचार केला. ओजिब्वे पोशाख न घालण्याचा निर्णय योग्य आहे. स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवरची इझाबेल गन १८०६ साली पुरुषाचा वेश घेऊन हडसन्स बे कंपनीत कामाला लागली होती, पण ती दुसरी कंपनी आणि नंतरचं वर्ष. तिथे सगळे गोरे फ्रेंचच होते असंही नाही: पिअर बोंगा हे कृष्णवर्णीय गृहस्थ नॉर्थ वेस्ट कंपनीत होते. तरीही १७९७ ची मराठी बाई तिथे उभी करायला आधार नाही, ती रचू नये.

मी तुमच्या जागी असतो तर कुठलंच पात्र घेतलं नसतं. पुरुषांचा साधा शर्ट-तुमान घाला, टेबलावर कापड मांडा: लाल स्ट्राउड (व्यापारातलं जाड लोकरी कापड) त्याच्या पांढऱ्या किनारीसकट, ब्लँकेटचा तुकडा, लिनन, आजीचा रुमाल. येणाऱ्याच्या हातात कापड द्या आणि आजच्या भाषेत सांगा की हे कुठे विणलं, कशाने रंगवलं, कुठल्या जहाजाने आलं. आयोजकांना आधी पत्र लिहून विचारा.

---

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. हे मला सुचलंच नव्हतं. आयोजकांना आज पत्र लिहिते.

आजीचा रुमाल काढून बघितला. दोन बाजूंना विणीची किनार आहे. उरलेल्या दोन्ही बाजूंना हाताची बारीक दुमड, टाके थोडे तिरके, एका कोपऱ्यात दोरा बदललेला. आजीच डावखुरी होती, टाके तिचेच असणार. तो मुलाच्या गळ्यात घामात भिजवायला नको, टेबलावर राहील. त्याच्यासारखा चौकड्यांचा, हातमागाचा, सलग ताग्यातून कापून देणारा विणकर आंध्रातल्या चिराळा किंवा आसपास कुणाच्या माहितीत असेल तर कळवा. दोन मीटर पुरे. दुमड मी घालीन.